दगड पास झाला, भिंतीचं काय? नागपुरातल्या दगडी इमारतींचं ऑडिट करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातल्या जुन्या दगडी इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारे इंजिनीअर, ते ऑडिट मागवणारी ऑफिसं, ट्रस्ट, शाळा-कॉलेजं, आणि शेवटच्या पानावर सही करणारे सगळे साहेब,

नमस्कार.

मी मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करते. काँक्रीटचे क्यूब, विटा, पेव्हर ब्लॉक, गिट्टी, आणि अधूनमधून इमारतीचा दगड, हे सगळं मशीनमध्ये ठेवून फोडायचं आणि आकडा लिहून द्यायचा हे माझं काम. म्हणजे तुमच्या रिपोर्टात मधे कुठेतरी जो एक तक्ता असतो ना, ज्यावरून सगळे भराभर पान उलटतात, तो आमच्याकडून आलेला असतो. रिपोर्ट मी लिहीत नाही, पण हाती आला की वाचते, सवयच लागली आता, आणि दगडी इमारतींचे रिपोर्ट वाचून जे डोक्यात साचलंय ते आज इथं ओतून टाकते. नाव कोणाचं घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

थोडक्यात तक्रार अशी की तुम्ही लोक दगडाची ताकद मोजून भिंतीचा निकाल लावून राहिले. दगड पास तर इमारत पास, दगड नापास तर इमारत पाडा. दोन्हीकडून चुकीचं आहे, आणि दोन्ही प्रकार मी पाहिलेत.

एक इमारत होती काळ्या दगडाची, दोन मजली, जुनी संस्था. आवारात पडलेले चार-पाच घडीव दगड उचलून लॅबला पाठवले, आम्ही कापले, फोडले, आकडा आला चौरस सेंटिमीटरला १४०० किलोच्या वर. काळा गच्च दगड, यायचाच. रिपोर्टात लिहून आलं की दगडाची ताकद एम-२५ ग्रेडच्या काँक्रीटच्या पाचपट, सबब इमारत सुस्थितीत. नंतर दुसऱ्याच कामासाठी त्या आवारात जाणं झालं तर मागच्या भिंतीनं चांगलं पोट काढलेलं, ओळंबा लावायचीही गरज नव्हती, उभं राहून दिसत होतं, आणि पोटाच्या वरच्या बाजूला आडवी फट, त्यात पिंपळाचं रोप. आता त्या १४०० किलोचं काय करायचं सांगा, लोणचं घालायचं का?

दुसरी इमारत पिवळसर वाळूखडकाची. तिथं तर दगड लॅबला पाठवलेच नाहीत, रिबाउंड हॅमर घेऊन गेले आणि भिंतीवर ठक ठक करून रीडिंग घेतले, मग हॅमरच्या अंगावर जो तक्ता छापलेला असतो त्यावरून ताकद काढली. तो तक्ता काँक्रीटचा आहे हो! त्यातून रिपोर्टात वाक्य आलं की भिंतीची ग्रेड एम-१५ पेक्षा कमी. दगडी भिंतीला एम-१५! आणि शिफारस काय, तर सी-१ मध्ये टाका, म्हणजे रिकामी करून पाडा. हॅमर फक्त वरच्या कातडीचा टणकपणा सांगतो, आणि वाळूखडकाची वरची कातडी शंभर वर्षांचं ऊनपाणी खाऊन भुसभुशीत झालेली असते, आत दोन इंचांवर दगड ठणठणीत असू शकतो. उलटही होतं बरं का, वर क्षारांचं कडक कवच आणि आत पीठ.

कायद्यानं ३० वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल स्टेबिलिटीचं सर्टिफिकेट लागतं, महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ मध्ये आहे ते, आणि ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फॉर्म आरसीसीच्या इमारती डोळ्यासमोर ठेवून भरला जातो. कॉलम, बीम, स्लॅब, सळई गंजली का, कार्बोनेशन किती, कव्हर किती. दगडी इमारत आली की त्याच रकान्यांमध्ये तिला कोंबतात, कॉलमच्या जागी "स्टोन" लिहितात आणि ग्रेडच्या जागी आमचा आकडा.

आता साधा हिशोब मांडते, कॅल्क्युलेटर नसला तरी चालेल. वाळूखडक घनमीटरला साधारण २.३ टन भरतो. १२ मीटर उंच भिंत धरा. तिच्या तळाच्या दगडावर तिच्याच वजनानं चौरस मीटरला २७-२८ टन येतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेतीन किलो. त्यावर मजले टाका, छप्पर टाका, दोन कमानींचा भार एका खांबावर उतरतो तो टाका, आणि सगळं मिळून तिप्पट करा, तरी आठ-नऊ किलो होतात. दगड अगदी नरम धरला, २०० किलोलाच फुटणारा धरला, तरी हा दाब त्याच्यासाठी काहीच नाही. तो २०० किलोचा दगड तळाशी स्वतःच्या वजनानं चुरडायचा असेल तर भिंत साडेआठशे मीटरच्या वर न्यावी लागेल. तेवढी उंच भिंत नागपुरात कोणी बांधणार नाही, मेट्रोवाले पण नाही.

म्हणजे दगड दाबानं चुरडून इमारत बसेल ही भीतीच मुळात फारशी कामाची नाही. पण भिंत म्हणजे नुसता दगड नव्हे. अनगड दगडाची, चुन्याच्या मालातली, पोटात चिपा आणि भर असलेली जुनी भिंत अख्खी धरून दाबली तर चौरस सेंटिमीटरला १०-२० किलोच्या आसपास हात टेकते. घडीव चिऱ्यांची, पातळ सांध्यांची असेल तर बरीच जास्त घेते, तरी दगडाच्या एकट्याच्या आकड्याजवळही जात नाही. आता तेच आठ-नऊ किलो या १०-२० च्या शेजारी ठेवून पाहा. आधी २०० शी तुलना करून निवांत बसलो होतो, इथं एकदम खुर्चीत सरळ बसावं लागतं. आणि हा दुसरा आकडा मी पाहिलेल्या एकाही रिपोर्टात नव्हता, काहून की तो क्यूब फोडून मिळतच नाही.

असं का होतं तेही सांगते. वरून दाब आला की सांध्यातला चुना दगडापेक्षा नरम म्हणून बाजूला पसरायला पाहतो, आणि पसरताना दगडाला आडवा ओढतो. दगड दाबाला वाघ आहे पण ताणाला मांजर, ताणाची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्शाएवढी, कधी त्याहून कमी. म्हणून भिंतीतला दगड चुरडत नाही, त्याला उभी चीर जाते. त्यात तो खाली नीट बसलेला नसला, दोन टोकांवर टेकलाय आणि मधे पोकळ, तर सरळ वाकून मोडतो. दाराखिडकीवरच्या दगडी लिंटलचं तर हेच दुखणं. त्याला दाबाच्या आकड्याशी काही देणंघेणं नाही, तो वाकतो. त्यासाठी आयएस ११२१ चा, म्हणजे दगड तपासायच्या भारतीय मानकाचा, भाग २ वेगळा आहे, ट्रान्सव्हर्स स्ट्रेंथचा. भाग १ दाबाचा, भाग ३ ताणाचा, भाग ४ शिअरचा. सगळे भाग बीआयएसनं (भारतीय मानक ब्युरोनं) काही हौस म्हणून छापले नाहीत, पण आमच्याकडे ऑर्डर येते ती कायम भाग १ ची.

किल्लारी आठवते का? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. तिथल्या घरांचा दगड कोणता होता, तर हाच काळा दगड, आपली सीताबर्डीची टेकडी ज्या लाव्ह्याची आहे त्याच दख्खनच्या लाव्ह्याचा. त्या ढिगाऱ्यातून कोणी एक क्यूब कापून आणला असता तर तो पहिल्या वर्गात पास झाला असता. पण भिंती होत्या मातीत रचलेल्या, चांगल्या दोन-अडीच फूट जाड, बाहेर एक थर, आत एक थर, मधे भर, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. जमीन हलली, थर एकमेकांपासून सुटले, एक आत कोसळला, एक बाहेर, आणि वरून माळवदाची माती. झोपेतल्या हजारो माणसांवर. तिथं दगडानं कोणाला दगा दिला नाही, रचनेनं दिला.

हो, मला माहीत आहे की नागपूर भूकंपाच्या झोन २ मध्ये आहे, सगळ्यात कमी धोक्याच्या. पण किल्लारी तेव्हाच्या नकाशात झोन १ मध्ये होती, आजच्या आपल्याहून एक पायरी खाली. आणि २२ मे १९९७ ला जबलपूरला भूकंप झाला तो काही फार लांब नव्हता. मी घाबरवत नाहीये. अशा भिंतींसाठीचं भूकंपाचं मानक, आयएस १३८२८, सांगतं की आरपार दगड उंचीत दर ६०० मिमीला आणि आडवे १.२ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत. तुमच्या रिपोर्टात फक्त एवढी ओळ द्या की या भिंतीत ते आहेत की नाहीत. एका ठिकाणी दोन दगड काढून आत पाहायचं, नाहीतर दरजेतून बारीक भोक पाडून कॅमेरा घालायचा. नसतील तर भिंतीला आरपार भोक पाडून हुकवाली सळई घालून काँक्रीट भरता येतं, लातूर-उस्मानाबादकडे भूकंपानंतर भिंती सावरताना हे केलंय, यात काही रॉकेट उडवायचं नाही.

आता दगड फोडायचाच असेल तर नीट फोडू. ही माझी गल्ली, इथं मी जरा सविस्तर बोलणार.

आयएस ११२१ भाग १ म्हणतो की नमुने सुके पण तपासा आणि भिजलेले पण. सुके म्हणजे १०५ अंशाला २४ तास ओव्हनमध्ये ठेवून थंड केलेले, भिजलेले म्हणजे ७२ तास पाण्यात बुडवलेले. प्रत्येक प्रकारात कमीत कमी तीन. आणि दाब थराला काटकोनात लागला तर काय आणि थराच्या दिशेनं लागला तर काय, हेही वेगवेगळं. आमच्याकडे येतं काय? तीन तुकडे, सुके, पोत्यात भरून, दिशेचा पत्ता नाही. वर फोन, "मॅडम, उद्यापर्यंत रिपोर्ट द्या ना." उद्यापर्यंत? दगड भिजायलाच तीन दिवस लागतात भाऊ.

भिजल्यावर काय होतं ते एकदा येऊन पाहा लॅबमध्ये, चहा माझ्याकडून. काळ्या दगडाचा क्यूब फोडताना मी जाळी लावल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. दाब मिनिटाला १४० किलोच्या वेगानं चढवायचा, स्क्रीनवर आकडा चढतोय, चढतोय, दगड ढिम्म, समोरचा माणूस कंटाळून मोबाइल काढतो आणि तेवढ्यात धाडकन, तुकडे जाळीवर आपटतात, माणूस दारापर्यंत मागे. हा दगड तीन दिवस भिजवा नाहीतर तीन महिने, फार फरक नाही, पाणीच पीत नाही तो, गच्च असेल तर वजनाच्या एक टक्काही नाही. पोकळ्या पोकळ्यांचा, पांढऱ्या दाण्यांचा असेल तर गोष्ट वेगळी, तोही काळा दगडच म्हणवतो पण ताकदीनं बराच खाली.

वाळूखडकाचं मात्र तसं नाही. सुका क्यूब आधी कोपऱ्यातून करकरतो, मग उभ्या चिरा, मग बाजू गळून पडतात आणि वरखाली दोन शंकू उरतात, व्यवस्थित पुस्तकातल्या चित्रासारखं. त्याच दगडाचा भिजलेला क्यूब आवाजच करत नाही फारसा, कडेनं ओली वाळू सुटायला लागते, आकडा मधेच थबकतो आणि खाली यायला लागतो. पाव ताकद गेली तर नशीब, निम्मी पण जाऊ शकते, दगडात चिकणमातीचा अंश असेल तर त्याहून वाईट. आता विचार करा, तुम्ही मे महिन्यात नमुना घेतला, ओव्हनमध्ये सुकवून फोडला, आकडा फाइलला लावला, आणि भिंत उभी आहे जुलै-ऑगस्टच्या पावसात, वरचा पन्हाळ फुटलेला, पाणी अख्ख्या भिंतीवरून उतरतंय. फाइलमधला दगड आणि भिंतीतला दगड एकच राहिला का?

दिशेचंही तसंच. वाळूखडक थराथरानं साचून झालेला असतो. थर आडवे ठेवून लावला तर वहीच्या गठ्ठ्यावर वजन ठेवल्यासारखं, पानं दाबली जातात, प्रश्न नाही. तोच दगड थर उभे करून, भिंतीच्या तोंडाला समांतर लावला तर वही उभी केल्यासारखं होतं, बाहेरचं पान सुटून येतं, मग पुढचं, मग पुढचं. जुन्या पाथरवटांना हे टाकीच्या पहिल्या घावात कळायचं. हल्ली बदलून लावलेल्या दगडांकडे पाहा, तोंड गुळगुळीत मोठं दिसावं म्हणून थर उभे करून लावलेत, क्लॅडिंग लावावी तसे. पाच-दहा पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात आणि मग खापर दगडाच्या डोक्यावर की माल हलका होता.

नागपूरला तर याची जास्तच काळजी घ्यायला पाहिजे, आपलं गाव बसलंय पाहा कुठं. पश्चिमेला काळा लाव्ह्याचा दगड, गिट्टीखदान हे नाव काही हवेतून नाही आलं. पूर्वेकडे नाइस नावाचा जुना खडक. उत्तरेला कामठी, सिलेवाडा, सावनेर या बाजूला वाळूखडक. ज्यांच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्समध्ये आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्रीबाबा, पण पोरांना शिकवता शिकवता हातोडी घेऊन या खदानींमधून हिंडायचे, सिलेवाड्याच्या वाळूखडकातले कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे त्यांनी गोळा केले आणि १८५५ मध्ये हंटर यांच्याबरोबर नागपूरच्या भूगर्भावर लेख छापला. १८६३ मध्ये टाकळघाटकडची दगडांची वर्तुळं पाहून परत येताना नाल्याच्या पुरात गेले बिचारे. १८५५ पासून या गावच्या दगडांबद्दल कागदावर लिहिलेलं आहे एवढंच सांगायचं होतं. आज जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं ऑफिस सेमिनरी हिल्सला, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथंच, व्हीएनआयटीसारखं इंजिनीअरिंग कॉलेज इथंच. खडक ओळखणारी इतकी माणसं एका गावात क्वचितच सापडतील आणि आपल्या रिपोर्टात दगडाचं वर्णन काय, "यलो स्टोन". अरे काय रंगाचं दुकान आहे का?

रेल्वे स्टेशनची १९२५ ची इमारत वाळूखडकाची, सावनेरकडचा दगड. हायकोर्ट वाळूखडकाचं, हेन्री मेड यांचं डिझाइन, १९३७ ला पायाभरणी आणि १९४० च्या जानेवारीत उद्घाटन. झिरो माइलचा खांब वाळूखडकाचा. आणि हे सगळे दगड एकसारखे असतील असं धरून चालू नका. वाळूचे कण कशानं चिकटलेत यावर सगळं अवलंबून आहे, सिलिकानं चिकटले असतील तर दगड पिढ्यानपिढ्या हलत नाही, लोहानं चिकटले तर लालसर आणि बऱ्यापैकी टणक, चुन्यानं चिकटले तर आम्ल पाण्याला घाबरतो, मातीनं चिकटले तर देवच तारो. एकाच खदानीत एका थरात एक आणि शेजारच्या थरात दुसरं असू शकतं. दगडाची पातळ चकती काढून मायक्रोस्कोपखाली पाहिली की कळतं. हे केल्याशिवाय बाहेरून धोलपूरचा नाहीतर आणखी कुठला दगड आणून रंग जुळवून बसवायचा म्हणजे शेजारचे जुने दगड पणाला लावायचे.

बरं, आता कूलर.

हसू नका. नागपुरात मार्च ते जून खिडकीला कूलर नसलेलं ऑफिस दाखवा. जुन्या दगडी इमारतींमध्ये एसी सगळीकडे पोचलेला नाही, साहेबांच्या केबिनला एसी आणि बाकी हॉलला कूलर. लोखंडी स्टँड, त्याचे बोल्ट सरळ दगडात ठोकलेले, पाण्याचा पाइप, आणि कूलरच्या खालच्या कोपऱ्यातून भिंतीवर सतत ओघळ. पाणी कुठलं, तर बोअरचं, खारट. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, रोज वरून नवीन पाणी भरता, म्हणजे टाकीतलं पाणी दिवसेंदिवस घट्ट खारं होत जातं, खसवर पांढरा थर बसतो तो तुम्ही पाहिलाच असेल. तेच पाणी वाळूखडक पितो. वरून ४५ अंशांचं ऊन. पाणी दगडाच्या तोंडाकडे येऊन उडतं आणि क्षार दगडाच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत खडे होऊन वाढतात, आतून रेटा देतात, कण सुटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं, पुन्हा कोरडं. एका उन्हाळ्यात किती वेळा झालं हे, आणि असे किती उन्हाळे?

कूलरच्या खालच्या दगडावर एकदा बोट फिरवा. वर पांढरं लोणं, ते पुसलं की खाली पिवळी भुकटी, साखरेसारखी नखात येते, आणि दगडाचं तोंड शेजारच्या दगडापेक्षा बोटभर आत गेलेलं. वरच्या-खालच्या दरजा मात्र जशाच्या तशा बाहेर उभ्या, कारण त्या सिमेंटनं भरल्यात. हे मी एकाच इमारतीत एका खिडकीखाली नाही, ओळीनं सगळ्या खिडक्यांखाली पाहिलंय. जिथं कूलर नाही तिथला तोच दगड, त्याच वयाचा, त्याच खदानीचा, टाकीचे घाव अजून स्पष्ट. यापेक्षा चांगला प्रयोग आमच्या लॅबमध्ये मी करूच शकत नाही. आणि मी वाचलेल्या कोणत्याही ऑडिटमध्ये कूलर हा शब्द आलेला नाही.

सिमेंटच्या दरजांचं आता निघालंच आहे तर. जुना चुना गळाला, सांधे रिकामे झाले की आपला ठेकेदार एकास तीनचा सिमेंटचा माल घेऊन येतो, दरजा फुगवून भरतो, वर रेघ मारतो, फोटो काढतो, बिल लावतो. भिंतीत पाणी शिरणारच आहे, जमिनीतून शिरेल, छपरातून शिरेल, कूलरमधून शिरेल. आधी ते चुन्याच्या सांध्यातून निघून जायचं, जे काय झिजायचं ते चुना झिजायचा, पंचवीस-तीस वर्षांनी चुना पुन्हा भरायचा, स्वस्तात काम. आता सांधा बंद, पाणी निघणार दगडातून, झिजणार दगड. वर सिमेंट दगडापेक्षा कडक, भिंत तापून थोडी हलली की दगडाच्या कडा फुटतात. दगडावर वेदरकोट मारणारे आणि पाणी झिरपू नये म्हणून केमिकलचा हात देणारे, त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही, बीपी वाढतं. सांध्याचा माल दगडापेक्षा नरमच पाहिजे. चुन्याची घाणी लावणारी, सुरखी कालवणारी माणसं अजून आहेत, वडार-बेलदारांच्या घरांमध्ये दगड ओळखणारे हात अजून आहेत, पण टेंडरमध्ये तुम्ही टर्नओव्हर मागता, हात मागत नाही.

तर मागणी काय. दगडी इमारतींसाठी ऑडिटचा वेगळा फॉर्म करा. हेरिटेज समितीनं मनावर घेतलं तर मसुदा करायला फार वेळ लागणार नाही, व्हीएनआयटीचे लोक आहेत, जिऑलॉजिकल सर्व्हेचे निवृत्त लोक सिव्हिल लाइन्सला सकाळी फिरायला येतात, पकडा त्यांना. त्यात पहिला प्रश्न दगडाच्या ताकदीचा नकोच. पहिला प्रश्न हा की हा दगड भार घेतो की नुसतं तोंड आहे आणि मागे वीट आहे, काहून की इंग्रजांच्या काळातल्या बऱ्याच इमारतींत बाहेर दगड आणि आत विटा असतात आणि अशा वेळी दगड आणि वीट एकमेकांना धरून आहेत का हेच खरं विचारायचं. मग भिंतीची आतली रचना, आरपार दगड, पोट किती सुटलंय आणि ते दरवर्षी वाढतंय का, चीर जिवंत आहे की जुनी. काचेची पट्टी चिकटवून ठेवली तरी कळतं, तुटली तर जिवंत. सगळ्या भिंतीवर हलक्या हातोडीनं ठोकून जिथं बद्द आवाज येतो तिथं खडूची खूण, याला मशीन लागत नाही, कान लागतात. पाणी कुठून येतं कुठं जातं याचा नकाशा, कूलरसकट. आणि भिंत खरंच किती भार घेऊन उभी आहे हे पाहायचं असेल तर फ्लॅट जॅकची टेस्ट आहे, सांध्यात बारीक खाच कापून चपटा जॅक घालतात, भिंत न पाडता जागेवरच दाब मोजता येतो. महाग आहे, मान्य. पण इमारत सी-१ मध्ये टाकायच्या आधी निदान तेवढं तरी करा, पाडल्यावर मोजायला काही उरत नाही.

हॅमर वापरायचाच तर वापरा, पण एका दगडाची दुसऱ्या दगडाशी तुलना करायला. कुठं नरम, कुठं टणक. त्यावरचा काँक्रीटचा तक्ता झाकून टाका, टेप लावा हवं तर.

आणि आमच्याकडे दगड पाठवताना आवारात पडलेला छान छान दगड उचलून पाठवू नका, तो बांधताना उरलेला असेल, पाऊसच पाहिला नसेल त्यानं, त्याचा आकडा चांगला आला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. भिंतीतून काढा, एक खराब जागेचा, एक बऱ्या जागेचा. तो भिंतीत कसा होता ते तिथंच खडूनं लिहा, वरच्या अंगाला बाण, बाहेरच्या तोंडावर फुली. थर दिसत असतील तर त्या दिशेनं एक रेघ. सुके आणि भिजलेले दोन्ही सेट लागतील एवढा मोठा तुकडा पाठवा, लिंटलचा असेल तर भाग २ ची पट्टी निघेल एवढा लांब. आठवडाभर वेळ द्या. बाण नसलेला दगड आला तर मी यापुढं रिपोर्टात दिशेच्या रकान्यात "माहीत नाही" असं लिहून देणार आहे, ठळक अक्षरात, मग साहेबांनी विचारलं तर उत्तर तुमचं तुम्ही द्यायचं.

आपली,
क्यूब फोडणारी एक नागपूरकर